यंत्राला दिलेला शब्द: कमांड-लाइन साधनांच्या आउटपुटचे दस्तऐवजीकरण

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. हा पट्टा मँगनीजचा. मॉइल या खाण कंपनीची डोंगरी बुजुर्गची खाण याच भागात आहे. बाकी सगळीकडे धान आणि जंगल. अशा गावांच्या ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. फायबर एकदा टाकून होते. टोकाला बसवलेल्या उपकरणांची देखभाल मात्र कायमची मागे लागते, आणि दर बिघाडाला तालुक्याहून माणूस पाठवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून दूर कुठेतरी एक स्क्रिप्ट चालते. ती उपकरणावरच्या कॉन्फिगरेशन साधनाला विचारते की सध्याची सेटिंग काय आहे. मिळालेले उत्तर वाचते आणि पुढचे पाऊल ठरवते.

हे उत्तर कोणत्या रूपात येते, ते रूप कुठे लिहून ठेवले आहे, आणि साधनाची पुढची आवृत्ती आल्यावर ते टिकेल याची हमी कोणी दिली आहे, या तीन प्रश्नांचा हा आढावा आहे. गेल्या दोन दशकांत बहुतेक साधनांनी यंत्राने वाचायचे आउटपुट देण्याचा एखादा पर्याय जोडला. पण पर्याय जोडला म्हणजे काम झाले, हा समज घातक आहे. यंत्राने वाचायचे आउटपुट हे वापरणाऱ्याला दिलेले वचन असते, आणि जे वचन लिहून दिलेले नाही त्याच्या भरवशावर कोणी व्यवस्था उभी करू नये.

प्रश्न जुना आहे

युनिक्समध्ये पाइप आला १९७३ साली. एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट होऊ शकते, ही डग्लस मॅकिलरॉय यांची कल्पना त्यामुळे प्रत्यक्षात आली. आपले आउटपुट उद्या कोणता तरी अनोळखी प्रोग्राम वाचणार आहे हे गृहीत धरून ते लिहा, हा दंडक तेव्हापासूनचा. साधा मजकूर हे सगळ्यांचे समान माध्यम ठरले. त्यातून प्रचंड सोय झाली आणि एक अडचणही जन्माला आली. माणसासाठी मांडलेला तक्ता आणि यंत्रासाठी मांडलेली माहिती दिसायला सारखीच असल्यामुळे लोक माणसासाठीचा तक्ताच स्क्रिप्टमधून वाचू लागले.

लिनक्सवरचे आयएफकॉन्फिग हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्याच्या आउटपुटमध्ये आयपी पत्त्याच्या आधी ‘आयनेट अ‍ॅड्र’ आणि अपूर्णविराम (:) येत असे. असंख्य स्क्रिप्ट तेवढी अक्षरे शोधून पुढचा पत्ता उचलत. नव्या आवृत्तीने मांडणी सुटसुटीत केली, ‘अ‍ॅड्र’ आणि अपूर्णविराम दोन्ही गेले. माणसाला काहीच अडचण आली नाही, कारण माणूस नव्या मांडणीशी क्षणात जुळवून घेतो. स्क्रिप्ट मात्र फुटल्या. त्यात वाईट हे की अनेक स्क्रिप्ट आरडाओरडा न करता फुटल्या. पत्त्याच्या जागी त्यांना रिकामी ओळ मिळाली आणि त्या तशाच पुढे गेल्या.

नेटवर्क चालवणाऱ्यांनी हे दुखणे फार आधी नेमक्या शब्दांत मांडले होते. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २००२ साली नेटवर्क व्यवस्थापनावर एक कार्यशाळा घेतली. तिचा वृत्तांत २००३ मध्ये आरएफसी ३५३५ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यातल्या तक्रारी आज वाचल्या तरी ताज्या वाटतात. कमांड-लाइन माणसासाठी बनवलेली असते. तिचे आउटपुट पार्स करणे किचकट असते. मांडणीला आणि तिच्या अर्थाला आवृत्ती क्रमांक नसतो. त्यामुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी स्क्रिप्ट सांभाळण्यात वेळ जातो आणि चुका होतात. याच मंथनातून पुढे २००६ साली नेटकॉन्फ हा प्रोटोकॉल आणि २०१० साली यँग ही माहितीचे प्रारूप लिहायची भाषा प्रमाणित झाली. मोठ्या दूरसंचार कंपन्यांचा प्रश्न त्याने बराचसा सुटला. पण लहान सर्व्हर, शाळेतली संगणक प्रयोगशाळा, सेवा केंद्रातला राउटर, ग्रामपंचायतीतला संगणक या ठिकाणी अजूनही कमांड-लाइन साधनच काम करते. म्हणून तिथला प्रश्न कमांड-लाइनच्या पातळीवरच सोडवायला हवा.

आज कोणत्या वाटा आहेत

पहिली वाट म्हणजे त्याच साधनात माणसासाठी एक आणि स्क्रिप्टसाठी एक अशा दोन मांडण्या ठेवणे. गिटच्या ‘स्टेटस’ कमांडचा ‘पोर्सेलिन’ पर्याय या वाटेचा. हे आउटपुट गिटच्या आवृत्त्यांनुसार किंवा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगनुसार बदलणार नाही, असे त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. जास्त माहिती देण्याची गरज पडली तेव्हा २०१६ मध्ये गिटने जुनी मांडणी न मोडता ‘व्ही-२’ नावाची दुसरी मांडणी आणली. सिस्टमडीची वाट अशीच आहे. ‘स्टेटस’ माणसासाठी आहे, यंत्रासाठी ‘शो’ वापरा, असे तिच्या सिस्टमसीटीएल या साधनाचे मॅन पेज (मदतपान) वाचकाचा हात धरून सांगते. नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआय या साधनात स्क्रिप्टसाठी ‘टर्स’ ही पद्धत आहे. रकाने अपूर्णविरामाने वेगळे होतात, आणि मूल्यातच अपूर्णविराम आला तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ लागते.

दुसरी वाट शून्य-बाइटची. कॉन्फिगरेशनच्या मूल्यात काहीही असू शकते: मोकळी जागा, बरोबरचे चिन्ह, अवतरण, इतकेच काय नवी ओळसुद्धा. ‘गिट कॉन्फिग’ला ‘झेड’ पर्याय दिला की प्रत्येक मूल्याच्या शेवटी शून्य-बाइट येतो आणि नाव व मूल्य यांच्या मध्ये नवी ओळ येते. का, तेही दस्तऐवजात आहे: मूल्यात ओळ तुटली असली तरी वाचणाऱ्याची गफलत होऊ नये. नियम दोन वाक्यांचा आहे, कारण एका वाक्याचे आहे, आणि त्यावर कोणत्याही भाषेत वाचक-प्रोग्राम लिहिता येतो.

तिसरी वाट जेसन या माहिती-मांडणीची, आणि आज सर्वांत रुळलेली. आयपी या साधनाने ती घेतली, डिस्कची माहिती देणाऱ्या एलएसबीएलकेने घेतली, कुबरनेटीसच्या आणि टेराफॉर्मच्या साधनांनीही घेतली. फ्रीबीएसडीने जुनिपरची लिबएक्सओ ही लायब्ररी स्वीकारली. तिच्यामुळे प्रोग्रामने माहिती एकदाच लिहायची आणि साधा मजकूर, एक्सएमएल, जेसन किंवा एचटीएमएल यांपैकी हवे ते रूप मागून घ्यायचे.

चौथी वाट मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलची. तिथे पाइपमधून मजकूर न जाता वस्तुरूप माहितीच जाते, म्हणून पार्सिंगचा प्रश्न बऱ्याच अंशी उरत नाही. मात्र ती माहिती शेलबाहेर न्यायची वेळ आली की पुन्हा जेसनच लागतो. तिथे रूपांतराची खोली मुळात दोनच पातळ्यांची धरलेली आहे. त्याहून खोलवरची माहिती सपाट होऊन जाते. ज्याने दस्तऐवज वाचला नाही त्याला अपुरी माहिती मिळते, आणि जुन्या आवृत्त्यांत ती अपुरी आहे हे सहज लक्षातही येत नाही.

सीएसव्ही आणि यामल यांच्याबद्दल थोडक्यात. सीएसव्हीचे २००५ सालचे आरएफसी ४१८० हे माहितीपर स्वरूपाचे आहे, सर्वांवर बंधनकारक प्रमाण नव्हे. त्यामुळे आपण कोणती सीएसव्ही देतो हे प्रत्येक साधनाला लिहावेच लागते. लाख-कोटींचे स्वल्पविराम टाकलेला आकडा अवतरणाशिवाय आला तर एका रकान्याचे तीन-चार होतात. यामल माणसाला लिहायला सोयीचे आहे, पण यंत्राला द्यायचे आउटपुट म्हणून धोक्याचे. यामल १.१ च्या नियमाने अवतरणाशिवाय लिहिलेला ‘नो’ हा शब्द ‘असत्य’ ठरतो, म्हणून नॉर्वेचा दोन अक्षरी संकेत हरवतो. आणि २२:२२ ही वेळ साठ-पायाची संख्या समजून १३४२ होते. २००९ च्या १.२ आवृत्तीने हे नियम बदलले, पण जुन्या नियमांचे वाचक-प्रोग्राम अजून वापरात आहेत.

मराठीची कसोटी

आउटपुटची मांडणी खरोखर पक्की आहे का, हे पाहायचे असेल तर तिच्यात मराठी माहिती घालावी. इंग्रजी अक्षरांवर जे सहज निभावते ते देवनागरीवर लगेच उघडे पडते.

समजा, एका जोडणीचे नाव ‘नाकाडोंगरी’ आणि दुसरीचे ‘तुमसर’ ठेवले. नाकाडोंगरी डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ते दहा संकेतबिंदू होतात, कारण काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण तीस. तुमसरचे संकेतबिंदू पाच आणि बाइट पंधरा. आता सी भाषेच्या ‘प्रिंटएफ’ला सांगितले की नावाचा रकाना वीस जागांचा ठेव. प्रिंटएफ बाइट मोजतो. नाकाडोंगरीने वीसची हद्द ओलांडलेली असल्यामुळे तो एकही मोकळी जागा सोडत नाही आणि पुढचा रकाना नावाला चिकटतो. तुमसरनंतर तो पाच जागा सोडतो, पण शब्द पडद्यावर चार-पाच जागांचाच असल्यामुळे पुढचा रकाना वीसच्या किती तरी आधी सुरू होतो. ‘एकविसाव्या जागेपासून पुढचा रकाना’ असे गृहीत धरून अक्षरे मोजणारी स्क्रिप्ट दोन्ही ओळींवर चुकते. जागा मोजून तुकडा कापणारे जीएनयूचे ‘कट’ हे साधनही मूळ रूपात वर्षानुवर्षे अक्षर म्हणजे बाइट असेच मानत आले. त्याने मराठी नाव कापले तर अक्षराच्या मधोमध कापले जाते आणि उरतो तो अर्थहीन बाइटचा तुकडा.

गिटमध्ये याच नावाची फाइल ठेवून पाहावी. मूळ सेटिंगमध्ये गिट अ-इंग्रजी बाइट आठ-पायाच्या अंकांत दाखवतो. ‘न’ या एका अक्षराच्या जागी उलट्या तिरप्या रेघांसह ३४०, २४४, २५० असे तीन गट दिसतात, आणि पूर्ण नावाचे तीस गट होतात. हे बिघडलेले नाही. नियमाप्रमाणेच आहे, आणि नियम लिहिलेला आहे. ‘झेड’ पर्याय दिला तर नाव जसेच्या तसे मिळते, हेही लिहिलेले आहे. ज्याने ते वाचले तो पाच मिनिटांत मार्गी लागतो. ज्या साधनाने असे काही लिहिलेले नसते, तिथे मराठी वापरणारा स्वतःच्या नावांनाच दोष देतो आणि फोल्डरची नावे इंग्रजीत करून मोकळा होतो. तीस बाइटच्या अडचणीपेक्षा ही हार मला जास्त लागते.

जेसनमध्ये हेच नाव थेट देवनागरीतही लिहिता येते आणि दहा ‘यू’-संकेतांच्या रूपातही. दोन्ही वैध आहेत आणि नीट वाचक-प्रोग्रामला दोन्हींतून एकच नाव मिळते. पण जो फाइलमध्ये ‘नाकाडोंगरी’ हा मजकूर थेट शोधेल त्याला दुसऱ्या रूपात काहीच सापडणार नाही. म्हणून आपण कोणते रूप देतो ते साधनाने सांगायला हवे. एनएमसीएलआयच्या टर्स पद्धतीत जोडणीचे नाव ‘नाकाडोंगरी: शाळा’ असेल तर ते ‘नाकाडोंगरी\: शाळा’ असे येते. अपूर्णविरामावर आंधळेपणाने तुकडे करणाऱ्या स्क्रिप्टला एकाच्या जागी दोन रकाने मिळतात.

याहून सूक्ष्म अडचण आपल्या ‘ऱ्या’ची. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारांनी साठवता येतो: वेगळ्या संकेताच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर शब्द एकच दिसतो, पण बाइट वेगळे असल्याने तुलना फसते. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून नावावर विसंबू नये, ओळख पटवायला वेगळा स्थिर संकेत असावा, हे तत्त्व मराठीत जास्तच खरे ठरते. एनएमसीएलआय प्रत्येक जोडणीला यूयूआयडी देते ते याचसाठी. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक असतो, त्यामागचा विचारही हाच. गावाचे नाव कोणी कसे लिहिले याने ओळख बदलता कामा नये.

आणि भाषेचा मुद्दा. रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषांतरकारांनी फेडोरातल्या अनेक साधनांचे संदेश मराठीत आणले; नेटवर्कमॅनेजर त्यांतले एक. हे मोलाचे काम आहे. पण ज्या क्षणी ‘कनेक्टेड’च्या जागी मराठी शब्द येतो, त्या क्षणी इंग्रजी शब्द शोधणारी स्क्रिप्ट थांबते. एनएमसीएलआयच्या मॅन पेजने हे झाकलेले नाही. आउटपुट वापरणाऱ्याच्या भाषेनुसार बदलते, म्हणून स्क्रिप्टमधून चालवताना भाषेची सेटिंग ‘सी’ करा, असे त्याच्या टिपांत लिहिले आहे. माणसाला मराठी आणि यंत्राला भाषेवर न हलणारे रूप, अशी विभागणी झाली की भाषांतर आणि स्वयंचलन एकमेकांच्या आड येत नाहीत. मराठी भाषांतरामुळे स्क्रिप्ट फुटतात, म्हणून सर्व्हरवर मराठी नको, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

वेळेचे तसेच. ‘आयएसटी’ ही तीन अक्षरे भारत, इस्रायल आणि आयर्लंड या तिन्ही ठिकाणच्या वेळेसाठी वापरली जातात. यंत्राला वेळ द्यायची तर ती +०५:३० अशा फरकासह द्यावी किंवा यूटीसीमध्ये द्यावी, आणि कोणती दिली ते लिहावे. अंकांचेही तसेच. जेसनच्या व्याकरणात संख्या इंग्रजी अंकांतच लिहिता येते. देवनागरी अंक आले तर ते मूल्य मजकूर म्हणून अवतरणातच जावे लागते.

जेसन दिल्यावरही उरते ते

जेसनमुळे अवतरण, नवी ओळ, अपूर्णविराम यांचे प्रश्न मिटतात. मिटत नाहीत ते अर्थाचे प्रश्न.

एलएसबीएलकेचा अनुभव इथे शिकवण देतो. त्याने जेसन द्यायला सुरुवात केली तेव्हा ‘काढता येणारी डिस्क आहे का’ याचे उत्तर अवतरणातले ‘०’ किंवा ‘१’ असे येई. पुढे ते सत्य-असत्य या खऱ्या प्रकारात आले. एका डिस्कला अनेक माउंट पॉइंट असू शकतात हे लक्षात घेऊन पुढच्या आवृत्त्यांत एकवचनी रकान्याऐवजी यादी देणारा अनेकवचनी रकाना आला. दोन्ही सुधारणा योग्यच होत्या. तरीही मजकूर म्हणून ‘०’शी तुलना करणाऱ्या किंवा जुन्या नावाचा रकाना गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्टला त्या महाग पडल्या. आधीचा आणि नंतरचा दोन्ही जेसन व्याकरणाने निर्दोष होता. बदल अर्थामध्ये होता, आणि अर्थ सांगायचे काम दस्तऐवजाचे असते. या साधनाचे मॅन पेज म्हणूनच बजावते की मूळ आउटपुट बदलू शकते, स्क्रिप्टमध्ये हवे ते रकाने नेहमी नावाने मागा.

दुसरा मुद्दा गैरहजेरीचा. सेटिंग केलेलीच नाही, सेटिंग रिकामी ठेवली आहे आणि सेटिंग वाचण्याचा अधिकार नाही, या तीन वेगळ्या स्थिती आहेत. अनेक साधने तिन्हींसाठी एकच रिकामे मूल्य देतात. दूरच्या उपकरणावर चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी हा फरक निर्णायक असतो. पहिल्या स्थितीत मूळ मूल्य लागू होते, दुसरीत जाणूनबुजून बंद ठेवलेले असते, तिसरीत तंत्रज्ञाला कळवायचे असते.

तिसरा मुद्दा मर्यादांचा. जावास्क्रिप्टसारख्या भाषांत ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ या संख्येच्या पुढे पूर्णांक अचूक राहतीलच असे नाही, म्हणून मोठे ओळख क्रमांक मजकूर म्हणून द्यावे लागतात. सिस्टमडीचे जर्नल जेसनमध्ये घेतले तर फार लांब मूल्यांच्या जागी ‘नल’ येऊ शकतो आणि यूटीएफ-८ मध्ये न बसणारी मूल्ये संख्यांच्या यादीच्या रूपात येतात. हे अडचणीचे वाटले तरी लिहिलेले आहे, म्हणून हाताळता येते.

चौथा मुद्दा गुपितांचा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्ड असतात. माणसासाठीच्या आउटपुटमध्ये टेराफॉर्म संवेदनशील मूल्ये झाकते, पण जेसन मागितला की तीच उघडी येतात. त्याचा दस्तऐवज हा इशारा स्पष्ट देतो. एनएमसीएलआय उलट बाजूने चालते: गुपिते वेगळ्या पर्यायाने मागितली तरच दाखवते. कोणतीही पद्धत निवडा, पण ती लिहा. नाही तर एखाद्या गावच्या वाय-फायचा पासवर्ड जिल्ह्याच्या लॉग-फाइलमध्ये जाऊन बसतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

चांगला दस्तऐवज काय काय सांगतो

सातबाऱ्याचा नमुना ठरलेला आहे म्हणून बँक, न्यायालय, सोसायटी आणि शेतकरी तो एकाच अर्थाने वाचतात. आउटपुटच्या दस्तऐवजाकडून अपेक्षा तेवढीच आहे. आजवरच्या चांगल्या उदाहरणांवरून त्यात काय हवे हे निश्चित सांगता येते.

सगळ्यांत आधी स्थैर्याचे विधान हवे: हे आउटपुट स्क्रिप्टसाठी आहे की नाही. नकारही चालतो. एपीटी हे साधन पाइपमध्ये वापरले की ते स्वतःच बजावते की आपला कमांड-लाइन इंटरफेस स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. हा प्रामाणिकपणा अर्धवट आश्वासनापेक्षा बरा.

मग आवृत्ती आणि अनोळखी गोष्टींचा नियम. टेराफॉर्मच्या जेसनमध्ये मांडणीचा स्वतंत्र आवृत्ती क्रमांक असतो. लहान आकडा वाढला तर जुने वाचक-प्रोग्राम चालत राहतील, फक्त त्यांनी अनोळखी रकाने सोडून द्यावेत; मोठा आकडा वाढला तर वाचायचे थांबावे. गिटचा ‘व्ही-२’ दस्तऐवजही वाचकाला सांगतो की न ओळखलेल्या शीर्षओळी दुर्लक्षित करा. एवढ्या एका वाक्यामुळे साधनाला वाढायला जागा मिळते आणि स्क्रिप्टही फुटत नाही. आश्वासन दोन्ही बाजूंनी असते, वाचणाऱ्याचेही कर्तव्य असते, हे यातून दिसते.

त्यानंतर प्रत्येक रकान्याचे वर्णन: नाव, प्रकार, एकक, कोणत्या स्थितीत गैरहजर, यादी असेल तर क्रम अर्थपूर्ण की नाही. ‘आकार’ बाइटमध्ये आहे की किलोबाइटमध्ये हे न सांगणारा दस्तऐवज अपुरा. मूल्यांना एकरूप देण्याची सोयही नोंदवावी. ‘गिट कॉन्फिग’ला प्रकार सांगितला तर कोणी ‘यस’ लिहिले असो, ‘ऑन’ किंवा ‘१’, उत्तर ‘ट्रू’ असेच मिळते.

त्याच जोडीने चुकांचा मार्ग. यशस्वी उत्तर मुख्य प्रवाहात आणि तक्रारी चुकांच्या प्रवाहात, ही विभागणी पाळली जाते का? जेसन मागितला असताना चूक झाली तर चूकही जेसनमध्ये येते का? एक्झिट कोड कोणते? ‘गिट कॉन्फिग’च्या दस्तऐवजात चुकीचे नाव, बिघडलेली फाइल, लिहिता न येणारी फाइल यांचे वेगवेगळे कोड दिलेले आहेत. दहा उपकरणांपैकी दोन बंद असतील तर आठांची माहिती येईल की काहीच येणार नाही, हेही सांगायला हवे.

शेवटी उदाहरणे. हाताने लिहिलेले उदाहरण काही काळाने खोटे ठरते. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या चाचणीत दस्तऐवजातले उदाहरण प्रत्यक्ष चालवून ताडून पाहिले, तरच ते खरे राहते. त्या उदाहरणांत एक तरी मूल्य अ-इंग्रजी असावे, एक तरी रिकामे असावे आणि एकात नवी ओळ असावी.

मतभेद कुठे आहेत

या क्षेत्रात सर्वांचे एकमत नाही, आणि मतभेद खरे आहेत.

एक पक्ष म्हणतो की औपचारिक स्कीमा द्या. जेसन स्कीमासारखी भाषा असताना गद्य वर्णन कशाला? स्कीमाचा फायदा निर्विवाद आहे. तिच्यावरून तपासणी आपोआप होते. पण रकाना कधी गैरहजर असतो आणि तसे असणे म्हणजे काय, हे स्कीमा सांगत नाही. ‘वैकल्पिक’ एवढेच सांगते. माझ्या मते स्कीमा आणि गद्य दोन्ही लागतात, आणि एकच निवडायचे असेल तर लहान साधनाने आधी गद्य लिहावे.

दुसरा वाद ओझ्याचा. मुक्त साधने बहुधा मूठभर लोक फावल्या वेळात सांभाळतात. स्थैर्याचे वचन दिले की त्यांच्या हातांना बेडी पडते. गुगलमध्ये काम करताना हायरम राइट यांनी नोंदवलेला नियम असा की वापरणारे पुरेसे झाले की प्रणालीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वर्तनावर कोणी ना कोणी विसंबतोच, तुम्ही वचन दिले असो वा नसो. यातून काही जण निष्कर्ष काढतात की मग लिहून काय उपयोग. मला निष्कर्ष उलटा वाटतो. लोक विसंबणारच असतील तर कशावर विसंबावे हे सांगणे जास्तच गरजेचे. दस्तऐवज सांभाळणाऱ्याला बांधतो त्याहून जास्त मोकळे करतो. लिहिलेल्या भागापलीकडचे सगळे बदलण्याचा हक्क त्याला उरतो.

तिसरा प्रश्न भाषेचा. रकान्यांची नावे मराठीत असावीत का? नसावीत. ती यंत्राची खूण आहेत आणि जगभर एकच राहिली पाहिजेत. पण त्यांचा अर्थ सांगणारा दस्तऐवज मराठीत असावा, यात मला शंका नाही. संदेशांचे भाषांतर करणाऱ्यांनी मोठी मजल मारली. मॅन पेजच्या आउटपुट-विभागाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. तुमसर किंवा साकोलीच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हाती उद्या गावोगावची उपकरणे असतील. ‘रकाना गैरहजर असणे म्हणजे मूळ सेटिंग लागू आहे’ हे वाक्य त्यांना स्वतःच्या भाषेत वाचायला मिळाले तर ते स्क्रिप्ट नुसती वापरणार नाहीत, स्वतः लिहितील.

पुढे काय

परिस्थिती वीस वर्षांपूर्वीपेक्षा निश्चित चांगली आहे. आरएफसी ३५३५ मधल्या तक्रारींपैकी पार्सिंगची तक्रार जेसनने बरीचशी मिटवली. आवृत्ती आणि अर्थ यांच्या तक्रारी मात्र अनेक साधनांत तशाच आहेत, आणि त्यांवर नवे तंत्रज्ञान शोधण्याची गरज नाही. गरज लेखनाची आहे.

त्यासाठी तीन गोष्टी आपल्याकडे, आत्ता करता येतील. सरकारी किंवा निमसरकारी यंत्रणा नेटवर्क उपकरणे विकत घेताना निविदेत एक अट घालू शकतात: कॉन्फिगरेशन साधनाने यंत्राने वाचायचे आउटपुट द्यावे आणि त्याचा आवृत्ती क्रमांकासह दस्तऐवज सोबत द्यावा. अभियांत्रिकी महाविद्यालये अंतिम वर्षाच्या प्रकल्पात एखाद्या मुक्त साधनाच्या आउटपुटचा दस्तऐवज पूर्ण करणे हे काम मान्य करू शकतात. प्रोग्राम लिहिण्याइतकेच ते कसाचे आहे. आणि साधने लिहिणारे आपण सगळे पुढच्या आवृत्तीच्या चाचणीत एक मराठी नाव घालू शकतो. नाकाडोंगरी चालेल. काना, मात्रा, अनुस्वार आणि वेलांटी सगळे त्यात आहे. तीस बाइट ज्या मांडणीतून सुखरूप पार होतात, ती बहुतेक भाषांच्या नावांना टिकेल. ती मांडणी लिहून ठेवली, तर साधन लिहिणाऱ्याला कधीही न भेटणारा, शेकडो किलोमीटरवरचा माणूस तिच्यावर निर्धास्त विसंबू शकेल.